पाचव्या चौथऱ्यावरचा माणूस

पुरुषाला शर्ट काढून उभं राहायला सांगितलं की तो सगळ्यात आधी पोट आत ओढतो. पैलवान असो नाहीतर कारकून, विशीचा असो नाहीतर साठीचा. आयुष्यभर मी पुरुषांचीच शिल्पं करत आले आहे आणि हा नियम मोडणारा अजून कुणी भेटला नव्हता. पोट आत, छाती बाहेर, श्वास कोंडलेला, आणि मग लालबुंद होत म्हणतात, "हं, करा सुरू." मी सुरू करत नाही. मी चहा ठेवते. चहाला उकळी येईपर्यंत बहुतेकांचा दम सुटतो आणि पोट आपल्या जागेवर येतं. मग मी मातीला हात घालते.

माझ्या नवऱ्याने मात्र पहिल्या दिवशी चहाला दाद दिली नाही. ते पोहण्याचे मास्तर. श्वास कोंडणं हाच त्यांचा धंदा. चहा उकळून उकळून काळा झाला तरी पोट आतच. शेवटी मी विचारलं, "मास्तर, मेलात की काय?" तेव्हा हसू आलं त्यांना, आणि पोट बाहेर आलं. त्यांना सगळेच मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. "अहो" म्हणते ते फक्त काहीतरी काढून घ्यायचं असलं की.

हे सगळं सुरू झालं ते तरण तलावाच्या नव्या इमारतीमुळे. जुनी पाडून नवी बांधत होते आणि तिच्या अंगणात पाच चौथरे उभारून त्यांवर पंचमहाभूतांची शिल्पं बसवायची होती. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि आकाश. समितीच्या डोळ्यांसमोर पाच देखण्या बायका होत्या: एकीच्या हातात मशाल, एकीचे केस वाऱ्यावर, असा सगळा थाट. मी म्हटलं, पाचही जागी पुरुष असेल, आणि पाचही जागी एकच पुरुष असेल. माती, पाणी, आग ही काही वेगवेगळी माणसं नव्हेत. ती एकाच माणसात नांदतात. सकाळी एक वर येतं, दुपारी दुसरं. समितीचे अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले. मी नीट पाहिलं, त्यांनीसुद्धा पोट आत ओढलं होतं.

"अंगावर काही असेल ना पण?" त्यांनी विचारलं.

"पोहण्याची चड्डी," मी म्हटलं. ती एवढी एकच अट मी मान्य केली.

आणि माणूस कोणता, हा प्रश्नच नव्हता. त्या तलावावर निम्म्या शहराला ज्याने हनुवटी धरून तरंगायला शिकवलं, तोच. मी घरात रोज बघत होते त्याला, आणि खरं सांगायचं तर नीट बघितलं नव्हतं. नवऱ्याचं शरीर म्हणजे घरातलं कपाट. आहे तिथे असतं, आपण त्याला वळसा घालून जातो. मातीत करायला घेतल्यावर कळलं की या माणसाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे आणि त्याच्या टाचा जमिनीवर अशा टेकतात की कुणी ढकललं तरी हलणार नाही.

चार शिल्पं झाली. पृथ्वी म्हणजे तलावाच्या काठावर उकिडवे बसलेले मास्तर, पाण्यातल्या पोराकडे हात पुढे केलेले, सगळा भार टाचांवर. पाणी म्हणजे पोहून बाहेर आल्यावर मान वाकडी करून एका पायावर उड्या मारत कानातलं पाणी काढणारे मास्तर. अग्नी म्हणजे ओरडणारे मास्तर. गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, हात हवेत, समोर कुणीतरी काठावर पळतंय हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि वायू म्हणजे डोक्यावरून बनियन काढताना त्यात अडकलेले मास्तर. तोंड दिसत नाही, पण फासळ्यांमधून वारं शिरताना दिसतं. मी स्वतःच्या कामावर सहसा खूश नसते. या चारांवर होते. मला त्यांच्यापुढून उठवत नसे.

पाचव्याला हात घालायच्या आधी मास्तरांच्या हृदयाने दगा दिला.

ऑपरेशन झालं. छाती उघडून, आतलं काम करून, पुन्हा शिवली. माणूस घरी आला, चालायला लागला, जेवायला लागला, पण शर्टाची वरची गुंडी लावायला लागला. आधी हा माणूस घरात उघडाच वावरायचा. आता कपडे बदलायला दार लावून आत जायचा. गळ्याच्या खळगीपासून पोटाच्या वरपर्यंत एक जाड रेघ होती, ते तिला "चेन" म्हणायचे. जॅकेटची असते तशी. मी ती मलमपट्टी करताना पाहिली होती, त्यानंतर त्यांनी मला दिसू दिली नाही. डॉक्टरांनी पोहायला परवानगी देऊन टाकली तरी ते शहराच्या दुसऱ्या भागातल्या तलावावर एकदाही गेले नाहीत. विचारलं की म्हणत, "पाणी थंड असतं."

जन्मभर पोरांना थंड पाण्यात ढकलणारा माणूस हे म्हणत होता. एकदा मी जास्तच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी पोरांना सांगत आलो, माझ्याकडे बघा, काही होत नाही. आता माझ्याकडे बघून काय दिसणार त्यांना?"  मला उत्तर सुचत नाही तेव्हा मला राग येतो, म्हणून मी भांडी घासायला गेले आणि एक कप फोडला.

इकडे इमारत होत आली होती. समितीने बोलावलं. पाचवं शिल्प कुठवर आलं, असं अध्यक्षांनी विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं, की मॉडेल उभा राहायला तयार नाही. त्यावर इमारतीचा आर्किटेक्ट पुढे सरसावला. तरुण माणूस, कपडे सगळे काळे, बोलणं सगळं हळू.

"मला वाटतं पाचवा चौथरा रिकामाच ठेवावा," तो म्हणाला. "आकाश म्हणजे पोकळी. लोक तिथे उभे राहतील आणि विचार करतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. "मग तलावातही पाणी भरू नका," मी म्हटलं. "लोक काठावर उभे राहतील आणि पोहण्याचा विचार करतील."

अध्यक्ष खोकले. शेवटी असं ठरलं की उद्घाटनापर्यंत माझं शिल्प आलं तर ठीक, नाहीतर रिकामा चौथरा. दुसरा मॉडेल घ्या, असंही एकाने सुचवलं. मी ते उडवून लावलं. चार जागी माझा नवरा आणि पाचव्या जागी दुसराच कुणी, म्हणजे चार शिल्पांनी मिळून त्याला बाहेर काढल्यासारखं झालं असतं. आणि रिकामा ठेवायचा म्हणजेही तेच. तो रोज त्या दारातून जाणार आणि रोज बघणार की आजारपणानंतरचा मी इथे नाही. नाही, रोज जाणार तरी कसला. तो तिथे पाऊलच टाकणार नव्हता, आणि हीच खरी भीती होती माझी. शिल्प गेलं चुलीत.

मास्तर दिवसभर घरात बसून भिंती बघत, म्हणून मी त्यांना स्टुडिओत आणून बसवायला लागले. तिथे माझी नणंद असते. वन्सं म्हणजे मास्तरांची मोठी बहीण, आणि माझ्या सगळ्या शिल्पांचे साचे तीच घेते. मातीच्या मूर्तीवर प्लास्टर चढवायचं, ते घट्ट झालं की आतली माती उकरून काढायची, मग चिकटू नये म्हणून पोकळ साच्याला आतून साबण लावून पुन्हा प्लास्टर भरायचं आणि वरचा साचा छिन्नीने फोडून मूर्ती बाहेर काढायची. या कामात तिचा हात धरणारा कुणी नाही, आणि तिचं तोंड बंद करणाराही नाही. भावाला बघून ती रोज म्हणायची, "गुंडी काढ रे गळ्याची, फास बसेल." तो काढायचा नाही.

एके सकाळी मी आले तर कोपऱ्यातल्या अग्नीच्या साच्यावर टॉवेल टाकलेला. हा साचा फोडायचा नव्हता, तुकड्यातुकड्यांचा होता, म्हणून समोरचा अर्धा भाग भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा.

"हा कुणी झाकला?"

"मी," मास्तर म्हणाले. "बघतो सारखा माझ्याकडे. इथे बसलो की इथे, उठून तिकडे गेलो की तिकडे वळतो. आणि नुसता बघत नाही, ओरडतो."

मला हसू आलं. टॉवेल ओढला आणि चार पावलं मागे सरले. बरोबर होतं. साच्यात नाक बाहेर नसतं, आत गेलेलं असतं. पण आपल्या डोळ्यांनी जन्मात आत गेलेलं नाक पाहिलेलं नसतं, म्हणून ते त्याला बाहेर आलेलंच धरून चालतात. मग आपण डावीकडे सरकलो की चेहराही डावीकडे वळतो. प्रत्येक शिल्पकाराला हे ठाऊक असतं. मलाही होतं, आणि रोज ये-जा करून करून ते मला दिसेनासं झालं होतं. तिथे, त्या खळग्यात, प्लास्टरचा कणही नव्हता. नुसती हवा होती, आणि त्या हवेचा माझा नवरा झालेला होता, आणि तो माझ्याकडे बघून ओरडत होता.

मी मटकन स्टुलावर बसले.

"काय झालं?" मास्तर घाबरले. आजारपणानंतर कुणी पटकन खाली बसलं की त्यांना धस्स व्हायचं.

"अहो," मी म्हटलं.

"काय पाहिजे?" ते लगेच सावध झाले.

मी सांगितलं. आकाश करायचं ते असं. मूर्ती नाही, मूर्तीची पोकळी. ब्राँझची जाड फळी उभी असेल आणि तिच्यात माणसाचा खळगा. पोरांना पहिल्या दिवशी शिकवता ना तुम्ही, उताणं व्हा, हात पसरा, कान पाण्यात जाऊ द्या आणि वर बघा? तो माणूस. तरंगून निघून गेलेला. लोकांना तुम्ही दिसाल, पण हात लावायला गेले तर तिथे कुणी नसेल.

"म्हणजे मी नसेन?"

"तुम्ही नसाल. तुमच्याभोवतीचं सगळं असेल."

त्यांनी टॉवेल उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "एक अट. मूर्ती करायची नाही. माती झाली की साचा घ्यायचा, माती फोडायची, बास. मी असा कुठे उभा असलेला मला दिसता कामा नये. तुझ्या मातीकडेही मी बघणार नाही."

मी कबूल केलं. वन्संनीही मान हलवली, हातातलं काम न थांबवता.

लाकडी बाकावर गादी घालून ते उताणे पडले. शर्ट काढताना तोंड भिंतीकडे होतं. मी चहा ठेवला नाही. डोळे छताला लावून, हात पसरून ते पडून राहिले, आणि थोड्या वेळात घोरायला लागले. मला इतकं बरं वाटलं ते घोरणं ऐकून. झोपलेल्या माणसाला पोट आत ओढता येत नाही. मी माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पुरता सैल पुरुष घडवत होते. गाल बसले होते, दंडाचं मांस उतरलं होतं, पण फासळ्या अशा वरखाली होत होत्या, की त्यांच्या तालावर माझा अंगठा आपसूक चालत होता.

मग ती रेघ आली. तीही केली मी.

मातीचं काम संपलं. वन्संनी साचा घ्यायला सुरुवात केली आणि मी ओतशाळेत गेले. इतकी जाड फळी ओतायची कशी, हे ओतणाऱ्याशी बोलायचं होतं. त्याला दहा वेळा सांगावं लागलं. "म्हणजे साच्याचाच साचा?" तो म्हणायचा. "उलट्याचं उलटं?" बोलण्यात तिथेच संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत आले तर दारातच छिन्नीचा टकटक आवाज ऐकू आला. हा आवाज मला फार आवडतो. पण त्या दिवशी तो तिथे असायला नको होता.

आत जमिनीवर निळसर पांढऱ्या कपच्यांचा खच पडला होता. साच्याचा आतला थर वन्सं नेहमी नीळ घालून करते, म्हणजे फोडताना निळं दिसलं की मूर्ती जवळ आली हे कळतं आणि हात हलका होतो. त्या निळ्या कपच्यांमध्ये माझा नवरा पांढराशुभ्र उताणा पडला होता, हात पसरून, छातीवरच्या रेघेसकट.

"वन्सं, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे?" ती अभिमानाने म्हणाली. "सुखरूप निघाला. एक बोटसुद्धा गेलं नाही."

मी खाली वाकून एक कपची उचलली.  तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, मग तिने हातातल्या छिन्नीकडे पाहिलं, मग खालच्या कपच्यांकडे. माती उकरायची, साबण लावायचा, प्लास्टर भरायचं, फोडायचं. हात इतकी वर्षं हेच करत आले होते, तिला विचारायला ते थांबले नव्हते. साचाच शिल्प होता, आणि तो तिने झाडून सुपात भरायला घेतला होता.

"अगं बाई," ती खाली बसली. "मी त्याला शब्द दिला होता."

साच्याचं मला काही वाटलं नाही. मूर्ती आहे म्हटल्यावर साचा पुन्हा घेता येतो. पण मूर्ती आहे, हाच तर सगळा घोटाळा होता. तिच्यावर टाकायला काहीतरी शोधत मी वळले, तेवढ्यात मास्तर चहाचा थर्मास घेऊन दारात आले.

त्यांनी पाहिलं.

मला वाटलं, आता हा माणूस थर्मास ठेवून मागे फिरेल आणि पुन्हा या दारात येणार नाही.  वन्सं म्हणाली, "माझ्या हातून झालं रे, तिला बोलू नकोस."  त्यांनी थर्मास ठेवला. कपच्यांवरून करकर आवाज करत पुढे आले आणि त्या पांढऱ्या माणसाभोवती चालायला लागले. पायाकडून बघितलं, डोक्याकडून बघितलं. एखाद्या नव्या पोराचं अंग बघावं, हा पोहेल का, तसं.

"पोट सुटलंय," ते म्हणाले.

"थोडंसं," मी म्हटलं.

"आत नाही ओढलं मी?"

"तुम्ही घोरत होतात."

ते हसले. हसताना छातीवर हात ठेवला, दुखतं अजून म्हणून, आणि हात तिथेच राहिला. मग वाकून त्यांनी प्लास्टरच्या छातीवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा.

"माणूस मीच आहे," ते म्हणाले. "ही रेघ माझी नाही."

"म्हणजे?"

"ही फिकट आहे. माझी अशी नाही. तू हिला गुळगुळीत केलंस."

 खरं होतं. हात तिथे आला तेव्हा मला त्यांची दया आली होती. अध्यक्षांना, आर्किटेक्टला, जगाला खरं ऐकवत फिरणारी मी, आणि नवऱ्याच्या छातीवर येऊन माझा अंगठा घसरला होता. कुणाला कळलंही नसतं. पोकळीत एक बारीक चर दिसला असता, लोकांना वाटलं असतं ओतकामातली खोट. तो पांढरा माणूस बाहेर आलाच नसता तर ती लबाडी ब्राँझमध्ये कायमची राहिली असती.

"मला वाटलं..." मी म्हटलं.

"मला माहीत आहे काय वाटलं. मलाही तेच वाटत होतं." ते अजून त्या माणसाकडेच बघत होते. "आरशात मी रोज फक्त रेघच बघतो. हा अख्खा माणूस मी बघितलाच नव्हता. चांगला आहे की. पण मग याची रेघ खरी पाहिजे."

आणि त्यांनी गळ्याची गुंडी काढली. मग दुसरी, मग तिसरी. भर दुपारी, दार उघडं, बहीण समोर. शर्ट काढून बाकावर टाकला.

"बघ," ते म्हणाले. "आणि नीट कर."

मी बघितलं. जाड, थोडी वाकडी, मध्ये एका जागी गाठ आलेली. मला रडू आलं आणि मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. वन्सं मात्र डोळे पुसत म्हणाली, "एवढीच होय? लहानपणी मी तुला अंघोळ घालायचे तेव्हा गुडघ्यावर याहून मोठी खोक होती, आख्ख्या घराला दाखवत फिरायचास." मग तिनेच प्लास्टर कालवलं. मास्तर शेजारी स्टुलावर उघडे बसले, आणि मी त्यांच्याकडे बघत बघत त्या पांढऱ्या छातीवर रेघ चढवत गेले. गाठ जमेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. "अजून वर," म्हणायचे, पोरांना हात कुठे मारायचा ते सांगतात तशा आवाजात.

नवा साचा घेताना मी वन्संपुढे खुर्ची टाकून पहारा दिला. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, पण साबणाचा डबा स्वतःहून उचलून कपाटात ठेवला.

उद्घाटनाच्या सकाळी अंगणात ऊन तिरपं येत होतं. चार मास्तर चार चौथऱ्यांवर आपापल्या उद्योगात होते. पाचव्यावर पुरुषभर उंचीची काळसर ब्राँझची फळी, आणि तिच्यात हात पसरलेला खळगा. पाहुणे पहिल्यांदा तिच्यापुढून तसेच गेले. मग कुणाचं तरी पाऊल थांबलं. मग ते मागे आलं. थोड्याच वेळात अख्खं अंगण डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालत होतं, कारण तो माणूस प्रत्येकाकडे वळत होता. पोरं धावत बघत होती की तो आपल्याला चुकवतो का. तो कुणाला चुकवत नव्हता. अध्यक्ष भाषणाचा कागद हातात तसाच धरून मागे-पुढे करत होते.

आर्किटेक्ट माझ्याजवळ आला. त्याचा हळू आवाज आणखी हळू झाला होता. "हे कसं केलंत तुम्ही?"

"रिकामं ठेवलंय," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात तसं."

तो हसला, आणि मनापासून हसला, हे मी त्याच्या बाजूने नमूद करते. मग तोही पोरांच्या मागून डावीकडे-उजवीकडे करायला लागला.

मास्तर माझ्या शेजारी उभे होते, शर्टाच्या सगळ्या गुंड्या लावून.  स्टुडिओत बहिणीपुढे शर्ट काढणं वेगळं आणि अख्ख्या शहरापुढे वेगळं, हे मला कळत होतं. त्यांच्या हातात पिशवी होती. तिच्यात काय आहे ते मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती की नुसती छत्री असेल.

एक लहान मुलगी चौथऱ्यावर चढली आणि तिने खळग्यात हात घातला. छातीपाशी, जिथे मूर्तीवर रेघ उंच होती, तिथे आता खोल चर होता. तिने त्यात बोट घालून वरपासून खालपर्यंत ओढलं.

"मास्तर," तिने वळून मोठ्याने विचारलं, "तुम्हाला ही चेन कशाला?"

तिच्या आईने तिला दटावलं.  मी श्वास कोंडला. पोटही आत ओढलं असणार.

"थांब, दाखवतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि गुंड्या काढायला सुरुवात केली. वरून खाली, घाई न करता. शर्ट काढून माझ्या खांद्यावर टाकला, पँट काढली. आत पोहण्याची चड्डी घालूनच आले होते लबाड. पिशवीत टॉवेल होता. ऊन त्यांच्या छातीवर पडलं होतं आणि रेघ गाठीसकट स्वच्छ दिसत होती. "इथून उघडलं, आतलं दुरुस्त केलं, आणि बंद केलं," त्यांनी मुलीला सांगितलं. "आता बघ चालतं का."

माणसांनी वाट करून दिली. ते अंगणातून तलावाकडे चालत गेले, चार तरण्याताठ्या मास्तरांच्या समोरून, आणि माझी नजर सवयीने नेहमी जाते तिथेच गेली. पोट सुटलेलं होतं. सगळं शहर बघत होतं आणि ते सुटलेलंच राहिलं.

काठावर ते उकिडवे बसले, हाताने पाणी पाहिलं, आणि आत सरकले. मध्यापर्यंत पोहत गेले, मग उताणे झाले, हात पसरले. मागे टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. वन्सं तर दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होती. मास्तरांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांचे कान पाण्यात होते आणि ते वर बघत होते.